पिपा ठोकून पाहणारी

सगुणाबाई,

तू गेली त्याच दिवशी दुपारी मी स्टोव्ह पेटवला. हे तुले सगळ्यात आधी सांगते, कारण दुसरं कोणी सांगन तर तिखटमीठ लावून सांगन. मुकादम अन् गँगची माणसं तुले नाल्याकडे घेऊन गेली. डब्ब्यात मी एकटी उरली. तुझ्या अर्ध्याच्या अन् माझ्या अर्ध्याच्या मधात तुझा पितळी स्टोव्ह बसला होता, जसा रोज बसते तसा. मी पिन मारली, वाटीत तेल घातलं, काडी लावली अन् पंप मारत सुटली. रडत होती काय म्हणशीन, तर हो, रडत होती. पंप मारता मारता रडता येते, ते तुलेही माहीत होतं.

ज्या घरातून माणूस गेलं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. मले काय हे माहीत नाही? माझे बाबा गेले तेव्हा शेजारच्या घरून पिठलं-भाकर आली होती अन् आम्ही ती मुकाट्यानं खाल्ली होती. पण इथं शेजारचं घर कोणतं, सांग बरं? चारही बाजूले साजाची झाडं, मधात रूळ, अन् रुळावर एक डब्बा. दुःखाचं घरही तेच अन् शेजारही तोच. माणसं सकाळपासून उपाशी. तुले खांद्यावर घेऊन गेलेली. ती परत आल्यावर त्यायच्या ताटात काय वाढू, रिवाज वाढू?

दुर्गले आपल्या मराठी लोकांचं मंडळ आहे, ते हस्तलिखित काढतात. त्यायचा निरोप आला की सगुणाबाईंवर शुद्ध भाषेत चार ओळी लिहून द्या, जन्म कुठला, गाव कोणतं, मागे कोण कोण. ते सगळं मुकादम देतील. मी जे लिहून राहिली ते तुले लिहून राहिली, अन् ज्या भाषेत आपण भांडलो त्याच भाषेत लिहून राहिली. त्यायले घ्यायचं असन तर घेतील, नाही तर राहिलं.

फक्त एक आहे. हस्तलिखित वाचणारे सगळे पक्क्या क्वार्टरात राहणारे. आपला डब्बा त्यायनं कुठं पाहिला? म्हणून सांगून देते. तिकडे भिलाईले कारखाना उभा होऊन राहिला, भट्ट्या चढून राहिल्या, सेक्टर पडून राहिले, रशियन लोकं टोप्या घालून उन्हात फिरून राहिले. अन् इकडे त्याच कारखान्याले लोखंडाचा दगड पुरवायले ही लाईन राजहऱ्याकडे जाऊन राहिली. लाईन टाकणाऱ्या गँगले रेल्वेनं एक जुना लाकडी डब्बा दिला. लाईन पुढे सरकली की इंजिन येते, डब्ब्याले जोडते अन् आपलं घर उचलून पुढे नेऊन ठेवते. तुझे मुकादम गँगचे, माझे हे मिस्त्री. बाकी सगळे सडे, त्यायचे तंबू. दुपारचं त्या सगळ्यांचं जेवण तू अन् मी रांधत होतो. ते आटा-डाळ आणून देत, आपण हात चालवत होतो.

बाहेर चूल मांडून पाहिलीच की आपण. लिपून-सारवून छान वाळली, अन् वाळली तसं इंजिन आलं. चूल मागे राहिली. दुसऱ्या मुक्कामाले पुन्हा मांडली, पुन्हा मागे राहिली. तू म्हटलं, "इंदू, या लाईनले माणसापरीस चुलीच जास्त लागून राहिल्या वो." कोळशाची शेगडी आत ठेवायले साहेबानं मनाई केलेली, लाकडाचा डब्बा म्हणून. राहिला स्टोव्ह. स्टोव्ह डब्ब्यासोबत येते. मात्र स्टोव्हले तेल लागते, अन् तेल येते सामानाच्या गाडीनं, अन् ती गाडी येते तिच्या मनानं. कधी लागोपाठ येईन, कधी तोंड दाखवायची नाही. म्हणजे घरात बाकी काही नसलं तरी चालते, पण पिप्यात तेल किती आहे हे माहीत असलं पाहिजे. आपलं सगळं भांडण या एका गोष्टीवर चाललं, नाही का?

आधी तर आपले स्टोव्ह दोन होते. पिपेही दोन. तुझी जात वेगळी, माझी वेगळी, अन् डब्ब्याच्या मधात मी तुराट्यांचा एक पडदा लावलेला होता, खोटं कायले बोलू. मंग ती गाडी बरेच दिवस आली नाही. माझ्या पिप्यात तळाले तेल, तुझ्या पिप्यात तळाले तेल. दोन स्टोव्ह पेटवले तर दोघींचाही भात कच्चा राहणार. तू पडद्याच्या पलीकडून म्हटलं, "ओ मिस्त्रीणबाई, तुमचं तेल अन् माझं तेल मिळून एक स्वयंपाक होते. वेगळं वेगळं काहीच होत नाही. या इकडे, नाही तर मी येते तिकडे." अन् माझ्या उत्तराची वाट न पाहता तू आलीच. पडदा एका हातानं उचलून बाहेर फेकला. त्या तुराट्यायवर आपण दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तापवलं. माझ्या माहेरी हे कळलं तेव्हा गजब झाला. मी कळवलं, तुमच्याकडे तेल असन तर पाठवा, मंग वेगळा स्टोव्ह पेटवते. कोणी पाठवलं नाही.

एक स्टोव्ह झाला तसं भांडणही एकच झालं. तू पिपा ठोकून पाहत होती. मुडपलेल्या बोटानं खालून वर, ठक ठक ठक, कान लावून. तेल असन तिथं आवाज बसका, तेल संपन तिथं मोकळा. मंग तू जाहीर करत होती, "एवढे दिवस." मी त्यात काडी घालत होती. तुराटीची सरळ काडी तळापर्यंत घालायची, बाहेर काढायची, ओली किती ते पाहायचं. डोळ्यांनी दिसते, त्याच्यावर भरवसा. तू म्हणे, "तुझी काडीच रोज घोटभर तेल पिते. एक दिवस स्टोव्ह उपाशी राहीन अन् काडी पोट फुगवून बसन." मी म्हणे, "अन् तुझ्या ठोकण्यानं पिप्याले पोचे पडून राहिले, त्याचं काय?" गँगचे पोट्टे ताट घेऊन बसलेले, अन् आपलं चालू. कधी तुझा अंदाज बरोबर निघे, कधी माझा. पण तू हरली की हरली असं कधी म्हटलंच नाही. म्हणे, "आज वारा होता, ज्योत जास्त लागली." म्हणे, "मिस्त्रीनं दोनदा चहा घेतला." बाप्पा, काय एकेक कारणं!

एकाच गोष्टीवर आपलं एकमत होतं. लाल-हिरव्या बत्तीच्या तेलाले हात लावायचा नाही. लाईनवर माणसं वाकून काम करतात, त्यायचा जीव त्या बत्तीवर. पिपा कोरडा पडला, दोन्ही वेळा चिवडा खाल्ला, पण बत्ती तशीच भरलेली राहिली. कोणी नवा माणूस म्हणालाच की बाई, बत्तीतलं काढून घ्या थोडं, तर तू त्याच्याकडे असं पाहत होती की तो ताट धुवायले पळून जाय.

अन् तो दिवस, जेव्हा आपलं घर तुले सोडून निघून गेलं.

गाडी आली नव्हती म्हणून तू फुलबासनले सोबत घेऊन बाजाराच्या गावी तेल आणायले गेली होती. फुलबासन तिकडचीच, गिट्टी वाहणारी, तिले सगळ्या पायवाटा माहीत. इकडे मी डाळ चढवलेली. अन् काही निरोप नाही, काही नाही, इंजिन येऊन उभं. इंजिनासोबतचा शंटर ओरडला, "डब्बा हालते, सामान धरा!" मी खिडकीतून त्याच्या अंगावर ओरडली, म्हटलं, अरे बाबा, मुकादमीणबाई यायची आहे अजून! तर तो हसला. म्हणे, "येतील की मागून. लाईन एकच आहे, रस्ता चुकायचं भेव नाही." अन् डब्बा हालला. मी स्टोव्ह विझवला, डाळीचा गंज मांडीत धरला अन् रुळांकडे पाहत बसली. तुझं लुगडं दोन झाडांच्या मधात दोरीवर वाळत होतं. ते लहान लहान होत गेलं.

तू परत आली तेव्हा तिथं काय होतं, ते फुलबासननं मले सांगतलं. तीन दगड, एक दोरी अन् ते लुगडं. फुलबासन तिथंच कपाळ बडवायले लागली. तू मात्र लुगडं काढलं, घडी केली, चुंबळ केली, त्याच्यावर पिपा ठेवला अन् रुळांमधल्या लाकडी स्लीपरांवरून चालायले लागली. स्लीपराचं अंतर म्हणजे कसं, एक पाऊल टाकलं तर कमी, दीड टाकलं तर जास्त. तशी तू चालत आली. आम्ही नव्या मुक्कामाले पोहोचलेलो, ऊन उतरून राहिलं होतं. मले आधी पिपा दिसला, मंग तू. मी धावत गेली. तुले वाटलं असन मी म्हणीन, पाय दुखले काय, पाणी देऊ काय. मी काही म्हणायच्या आधी तूच विचारलं, "डाळ लागली काय वो?"

मी तुले मारलं, आठवते? दोन्ही मुठींनी पाठीवर मारलं. तू म्हटलं, "मार, पण पिपा धर आधी. एक थेंब सांडू दिला नाही इतक्या दूर." त्या दिवसापर्यंत मी तुले तुम्ही म्हणत होती. तुझं वय जास्त, मुकादमीण तू. त्या दिवसापासून तू झाली. अन् त्या दिवसापासून आपला नियम झाला: इंजिन दिसलं की भांडी खाली, स्टोव्ह बंद, अन् पिपा दोघींपैकी एकीच्या मांडीत. माणूस मागे राहिलं तर चालत येते. तेल सांडलं तर येत नाही.

आता शेवटचं भांडण. ते सोडून देणार नाही मी.

तुले ताप आला. ट्रॉलीवर बसवून दवाखान्यात नेलं, औषध आणलं, ताप उतरला. तू उठून भाकरीही थापल्या. मंग पुन्हा चढला, अन् त्या दिवशी चढला तो काही खाली यायचं नाव घेईना. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होती. तू डोळे मिटूनच म्हटलं, "इंदू, पिपा आण इकडे."

"पडून राहा ना निवांत. मेला पिपा."

"आण म्हटलं ना."

आणला. तू पडल्या पडल्या हात लांब केला. बोट मुडपलं. ठक, ठक. तेवढ्यानंही दम लागला तुले. म्हणे, "गाडी येईपर्यंत पुरते."

मी काडी घातली. काढली. पाहिली. म्हटलं, "नाही पुरत."

"पुरते."

"नाही पुरत, सगुणाबाई. हे पाह्य, अर्धीही ओली नाही झाली."

"तुझ्या काडीले काय अक्कल आहे," तू म्हटलं, अन् कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मले वाटलं, रुसली. म्हटलं रुसू दे, उद्या पाहू कोण जिंकते. सकाळी तू नव्हती.

लोकं मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द सांगतात. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी लेकराले आशीर्वाद दिला. तुझे शेवटचे शब्द माझ्या काडीच्या अकलेवर! आता सांग, हे मी मंडळाच्या हस्तलिखितात शुद्ध भाषेत कसं लिहू?

तर त्या दिवशी, त्या तेलावर, मी वरण-भात केला. माणसं नाल्यावर अंघोळ करून ओल्या धोतरांनी परत आली अन् स्टोव्हचा आवाज ऐकून थबकली. गँगमधले दोघं जुने तंबूच्या दाराशीच बसले. एक म्हणाला, "मिस्त्रीणबाई, आज? याच डब्ब्यात? काही लाजशरम?" मी म्हटलं, "लाज वाटते ती तुमच्या उपाशी पोटाची वाटते. जेवायचं नसन तर नका जेवू, पण माझ्यावर आवाज चढवायचा नाही." माझे हे मले डोळ्यांनी खुणावत होते की गप राहा. मी काय गप राहणार? फुलबासन पायरीशी उकिडवी बसून तुझ्यासाठी रडत होती. तिनंच डोळे पुसले अन् मले म्हटलं, "दाई, आगी झन बुताबे." आग विझवू नको म्हणे. तिनं पहिलं ताट घेतलं. मंग मुकादम उठले. हात धुतले अन् ताट पुढे केलं. मी वाढलं. वरण थोडं खाली सांडलं.

दुसऱ्या दिवशी तुझी सासू ट्रॉलीवर बसून आली.

तुझ्या सासूबद्दल तू जे जे सांगतलं होतं, त्यातलं काही खोटं नव्हतं बाई. आली, माझ्याकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं, अन् पहिलं वाक्य हे: "माह्या सुनेच्या चितेची आगी विझाच्या आत तुनं इस्टो पेटवला म्हणतेत. खरं हाय?"

"खरं आहे," मी म्हटलं. "अन् आत्ताही पेटवणार आहे. बसा, जेवा."

"या इस्टोवरचं मी पाणीबी पेणार नाई." ती स्टोव्हकडे पाठ करून बसली. सोबत आणलेले मुरमुरे अन् गूळ, त्याच्यावर दिवस काढायले लागली. म्हातारं माणूस, दात नाहीत, मुरमुरे भिजवून खाय. मले कीवही ये अन् रागही ये. मंग तिनं जाहीर केलं, "इस्टो माह्या लेकाचा हाय. तेरवी झाली का मी घेऊन जातो गावाले."

तूच हिशेब कर, सगुणाबाई. माझा स्टोव्ह आपण कधीच गावाकडच्या नणंदेले देऊन टाकला होता. तुझा गेला तर गँगचं जेवण गेलं. गँगचं जेवण गेलं तर हे सडे पोट्टे दिवसभर रूळ उचलतील अन् चणे खाऊन झोपतील, जसे आपण यायच्या आधी झोपत होते. अन् आपण दोघींनी त्या पडद्याच्या जागी जे काही उभं केलं ते कोणाच्या तरी गावी फळीवर चकाकत बसन. मी मुकादमांकडे पाहिलं. ते माय पुढे बसलेली पाहून खाली पाहत होते. मी म्हटलं, "घेऊन जा ना. खुशाल घेऊन जा. पण गँगले दुपारी काय वाढायचं, तेवढं सांगून जा." म्हातारी मुरमुरे भिजवायले लागली. मी स्टोव्ह पेटवला. रोज पेटवला. तिच्या पाठीमागे बसून पेटवला. तिनं एकदाही मान वळवली नाही, मी एकदाही पंप हळू मारला नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी इंजिन आलं. रेल्वे कोणाच्या तेरवीसाठी थांबते काय? शंटर ओरडला, "डब्बा हालते!" मी एकटी. गंज उतरवू, की परात, की स्टोव्ह, की तुझ्या फोटोपुढचा दिवा? फोटो म्हणजे काय, तू एका जत्रेत काढलेला, त्यातही तू माझ्याकडे पाहून काहीतरी बोलून राहिलेली. मी दोन्ही हातांनी भांडी खाली ठेवत होती अन् ओरडत होती, "पिपा! कोणी तरी पिपा धरा वो!" डब्ब्याले हिसका बसला. परात घरंगळत दारापर्यंत गेली. मी वळून पाहिलं.

तुझी सासू खाली बसली होती, पाय फाकवून, दोन्ही हातांनी पिपा पोटाशी आवळून. झाकण सुटलेलं, तिचा तळहात त्याच्यावर दाबलेला. पूर्ण रस्ताभर ती तशीच बसली. हिसका बसला की डोळे मिटे, पण हात काढला नाही. आपला नियम तिले कोणी सांगतला नव्हता.

नव्या जागी डब्बा थांबला. तिनं तळहात काढला, लुगड्याले पुसला. मंग तिनं काय केलं, तुले सांगू? तिनं बोट मुडपलं. अन् खालून वर ठोकलं. ठक, ठक, ठक, कान लावून.

मी परात घेऊन तशीच उभी राहिली. म्हटलं, "हे तुमाले सगुणाबाईनं शिकवलं?"

"तिनं?" म्हातारी मान झटकून म्हणाली. "मीनं तिले शिकवलं. कोठीतली जवारी पाहाले, पिप्यातलं तेल पाहाले. ऐके काय ते? काडी घाले. म्हणे, सासूबाई, डोयानं दिसते त्याच्यावर भरवसा. या काडीपायी आमचं किती वाजलं, इचार लेकाले. शेवटी निघूनच आली इकडे."

सगुणाबाई! कायले वो? इतकी वर्षं माझ्याशी भांडली, माझ्या काडीले नावं ठेवली, अन् ती काडी आधी तुझी होती? अन् ते ठोकणं या म्हातारीचं, जिचं नाव काढलं की तुझ्या नाकपुड्या फुगत होत्या? गावात असताना तिच्याशी काडी घेऊन भांडली, अन् इथं रानात येऊन तिची बाजू घेऊन माझ्याशी भांडली. हसावं की रडावं ते मले कळेना. मी हसली. म्हातारीनं पाहिलं अन् तिले वाटलं मी तिले हसली. मंग मी तिले सगळं सांगतलं. पडदा, काडी, स्लीपरांवरून चालत येणं, "डाळ लागली काय", अन् त्या शेवटच्या सांजेचं ठक ठक. ती ऐकत बसली. पिपा अजून मांडीतच. "ठोकत होती म्हणते?" तिनं दोनदा विचारलं. "खालून वरतं? का वरतून खालतं?"

"खालून वर."

"बरोबर," म्हातारी म्हणाली, अन् पदरात तोंड घालून पहिल्यांदा रडली. आल्यापासून नव्हती रडली ती.

बाहेर माणसं रूळ उतरवून येत होती. उन्हं डोक्यावर. तंबू अजून ठोकले नव्हते, लाकूडफाटा नव्हता, पाणीच तेवढं होतं. म्हातारीनं नाक पुसलं अन् पिपा माझ्याकडे सरकवला. "एवढं सांभाळून आणलं ते काय पाहाले आणलं? पेटव." मी पेटवला. तिनं पंपाचा आवाज ऐकला अन् म्हणे, "वायसर सुकलं याचं. तेलाचं बोट लाव." म्हणजे इतके दिवस पाठ करून बसली होती, पण कान इकडेच होते.

तुझी तेरवी त्याच स्टोव्हवर झाली. भात झाला, वरण झालं, वांग्याची भाजी झाली, वडे झाले. म्हातारी मले प्रत्येक गोष्टीत चूक काढत होती अन् मी प्रत्येक चुकीले उत्तर देत होती. मुकादम बाहेरून म्हणाले, "डब्ब्यात कोण आहे, सगुणाच आहे काय?" शेवटी शिऱ्याचा रवा टाकला. रवा अर्धा भाजला अन् स्टोव्ह फुसफुसला, ज्योत पिवळी झाली, विझली. मी पिपा उलटा केला. कोरडा. एक जण बत्तीकडे पाहायले लागला. म्हातारीनं अन् मी एकाच वेळी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पाणी आणायले गेला. शिरा तीन दगडांवर झाला. धुराचा वास लागला, तुझ्या नावानं सगळ्यांनी तसाच खाल्ला.

गाडी दुसऱ्या दिवशी आली. म्हातारी तिच्यातूनच परत गेली. पेटी उचलली, फोटोकडे पाहिलं, स्टोव्हकडे पाहिलं. हात लावला नाही. मले म्हणाली, "इस्टो राहू दे इथं. पण काडी घालून पाहाची नाई त्याच्या तेलात, सांगून ठेवतो." मी म्हटलं, "घालीन." ती म्हणाली, "तिच्यासारखीच आगाऊ हायेस," अन् पायरी उतरून गेली.

नवा पिपा समोर आहे. भरलेला आहे, ठोकायचं काम नाही, काडीचंही नाही. पण एक गोष्ट राहून गेली. तू म्हटलं होतं, गाडी येईपर्यंत पुरते. नाही पुरलं. एका शिऱ्यानं कमी पडलं. मी जिंकली, सगुणाबाई. साक्षीले अख्खी गँग आहे, तुझी सासू आहे. आता ये अन् सांग वारा होता म्हणून. सांग मिस्त्रीनं दोनदा चहा घेतला.

मले माहीत आहे तू काय म्हटलं असतं. हात कमरेवर ठेवून म्हटलं असतं, "माझ्या हिशेबात माझीच तेरवी कुठं होती वो, इंदू? तेवढं सोडून मोजून पाह्य. पुरते की नाही?"

मोजून पाहिलं. पुरते.

हे आता भांडण असं झालं आहे. माझी बाजू मीच मांडायची, अन् तुझीही मलेच मांडावी लागते. आज दुपारी भाकरी थापता थापता मी मोठ्यानं म्हटलं, नाही पुरलं. अन् मीच मोठ्यानं म्हटलं, पुरलं. गँगचे पोट्टे एकमेकांकडे पाहायले लागले. मी म्हटलं, "जेवा मुकाट्यानं. आमचं चालू आहे."